बुळबुळीत खेळ: घरगुती मिश्रणे कशी करावीत आणि नंतर ती कशी आवरावीत

लहान मुलाला हाताने चिवडायला, पिळायला आणि बोटांतून ओघळू द्यायला काहीतरी हवे असते, आणि घरातल्या मोठ्यांना त्यानंतरची फरशी डोळ्यांसमोर दिसत असते. हे भांडण मिटवायचे असेल तर मिश्रण निवडण्याचा क्रम उलटा करावा लागतो: ते आवरायचे कसे हे आधी ठरवावे आणि त्यावरून पातेल्यात काय घालायचे ते ठरवावे. बहुतेक कृतींमध्ये सफाईचा उल्लेख शेवटच्या ओळीत येतो आणि तोही ‘पाण्याने सहज निघते’ एवढाच असतो. काही मिश्रणे पाण्याने सहज निघतात हे खरे आहे, पण काही मिश्रणे पाणी लागले की आणखी पसरतात, आणि एक तर गरम पाण्याने जागच्या जागी शिजून चिकटते.

या दृष्टीने घरगुती मिश्रणांचे चार प्रकार पडतात. कच्च्या स्टार्चचे मिश्रण वाळले की पुन्हा भुकटी होते आणि झाडून निघते. शिजवलेल्या स्टार्चचा लगदा ओला असताना पुसता येतो, मात्र वाळला की त्याची खळ होते आणि तो खरवडावा लागतो. जवस, जास्वंदीची पाने, सब्जा अशा वनस्पतींचा चीक सर्वांत बुळबुळीत असतो आणि थोड्या पाण्यात मिसळल्यावरही तो बुळबुळीतच राहतो. साबणाचा फेस आवरायला सर्वांत सोपा असला तरी घसरून पडण्याचा धोका त्यातच अधिक असतो.

जागा आणि हंगाम

गोव्यात जागेचा विचार ऋतूसह करावा लागतो. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत ऊन कडक असते, तेव्हा अंगणात किंवा परसात खेळ मांडून उरलेले उन्हात वाळू देणे हा सर्वांत कमी कष्टाचा मार्ग आहे. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की सांडलेले मिश्रण वाळण्याऐवजी आंबते आणि त्यावर बुरशी धरते. त्या महिन्यांत ‘वाळवून झाडणे’ विसरावे आणि ओले असतानाच गोळा करावे.

चिऱ्याची किंवा खडबडीत सिमेंटची जागा पायाला धरून ठेवते, पण तिच्या भोकांत लगदा बसतो. लाल कोबा, मोझॅक आणि गुळगुळीत टाइल पुसायला सोपी असली तरी ओली झाल्यावर ती धोक्याची असते. जुन्या घरांतील बाल्कांवाचा, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्याचा, कोबा वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेला असतो आणि त्याला पायऱ्याही असतात, म्हणून दिसायला सोयीची असली तरी ही जागा मी सुचवणार नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तर मुळीच नको. शहरातील फ्लॅटमध्ये न्हाणीघर हीच योग्य जागा असते. तेथे मोरीच्या तोंडावर बारीक जाळी आणि तीवर जुने सुती फडके आधीच घालून ठेवावे.

जागा कोणतीही असो, खेळ बसूनच व्हावा. खाली जुनी चादर, तीवर मोठी परात आणि परातीपुढे मांडी घालून बसलेले मूल, अशी मांडणी केली की घसरण्याचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. चादर हवी, प्लॅस्टिक नको, कारण प्लॅस्टिकवर सांडलेला थेंब घसरडा होतो आणि चादर तो शोषून घेते. टब किंवा बादलीत बसवून खेळू देऊ नये, कारण अगदी लहान मूल काही सेंटिमीटर द्रवातही बुडू शकते. मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर बसावे आणि फोन आत ठेवून यावा.

सुरुवात शिजवलेल्या कॉर्नफ्लोअरपासून

पहिल्यांदा करणाऱ्याने हेच मिश्रण करावे, असे माझे मत आहे. ते स्वस्त असते, तोंडात गेले तरी बिघडत नाही आणि त्याचा दाटपणा हवा तसा राखता येतो. दुकानात कॉर्नफ्लोअर म्हणून मिळणारी पांढरीशुभ्र, बोटांत करकरणारी भुकटीच घ्यावी. मक्याचे पिवळे पीठ येथे उपयोगाचे नाही.

एक लिटर पाणी मोजून घ्यावे. त्यातील साधारण १५० मिलिलिटर थंड पाणी वेगळे काढून त्यात ४० ग्रॅम कॉर्नफ्लोअर, म्हणजे सपाट भरलेले पाच मोठे चमचे, गुठळी न राहता कालवावे. उरलेले पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळत ठेवावे. उकळी आली की आच मंद करून कालवलेले मिश्रण पुन्हा एकदा तळापासून ढवळून घ्यावे, कारण स्टार्च क्षणात खाली बसतो, आणि मग एका हाताने बारीक धार सोडत दुसऱ्या हाताने सतत ढवळावे. मक्याच्या स्टार्चचे कण साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतात, म्हणून मिश्रण एकाएकी दाटते. त्या वेळी हात थांबला तर तळाशी गोळा होतो. दुधासारखा पांढरेपणा जाऊन मिश्रण काहीसे पारदर्शक झाले की आणखी दोन मिनिटे ढवळून उतरवावे.

४० ग्रॅमचे मिश्रण ओघळणारे होते. हातात धरता येईल असा थरथरता गोळा हवा असेल तर तेवढ्याच पाण्याला ७० ते ८० ग्रॅम घ्यावे. निवल्यावर दोन्ही मिश्रणे अधिक दाटतात, त्यामुळे गरम असताना पातळ वाटले म्हणून घाईने भर घालू नये. वर साय धरू नये यासाठी पृष्ठभागावर थोडे थंड पाणी अलगद ओतून ठेवावे आणि वापरताना रवीने घुसळावे.

निववण्याच्या टप्प्याला येथे सर्वांत जास्त वेळ द्यावा. शिजलेला स्टार्च उष्णता धरून ठेवतो आणि वरून कोमट लागणारे पातेले मध्यभागी चटका देण्याइतके गरम असू शकते. मिश्रण परातीत पसरून, परात थंड पाण्याच्या टोपात ठेवून, मधूनमधून ढवळत निववावे आणि मग मधल्या भागातील चमचाभर मिश्रण स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावे. सकाळच्या खेळासाठी ते आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवणे सर्वांत सुरक्षित असते, मग रात्रभरात थोडे पाणी सुटले तरी ते घुसळून घेता येते.

खेळता खेळता मिश्रण पातळ होऊ लागले तर मुलाची बोटे तोंडात जाऊन परत परातीत येत आहेत असे समजावे. लाळेतील अमायलेज हे विकर स्टार्च तोडते, आणि एक-दोन मुलांच्या बोटांनीही काही वेळात दाट लगद्याचे पाणी होऊ लागते. त्याने काही अपाय होत नाही, पण असे मिश्रण पुढच्या वेळेसाठी साठवू नये.

हाच खेळ बिनखर्चाने करायचा असेल तर उकड्या तांदळाच्या पेजेची निवळ आपल्याकडे रोजच असते. दाटसर निवळ गाळून थंड केली की छान बुळबुळीत होते. मात्र शिजलेल्या तांदळातील बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू उकळण्यानेही मरत नाहीत आणि उबेत ते वाढतात, म्हणून सकाळची निवळ दुपारपर्यंत बाहेर ठेवून मग मुलापुढे मांडू नये. निववून लगेच वापरावी आणि त्याच दिवशी टाकून द्यावी.

कच्चे कॉर्नफ्लोअर: घट्टही, पातळही

दोन वाट्या कॉर्नफ्लोअरमध्ये साधारण एक वाटी थंड पाणी थोडे थोडे घालत हाताने मिसळले की एक विचित्र पदार्थ तयार होतो. सावकाश बोट बुडवले तर ते सहज आत जाते, पण मूठ आपटली तर पृष्ठभाग कठीण लागतो. पाण्यात तरंगणाऱ्या स्टार्चच्या कणांना हळू दाबले तर बाजूला सरकायला वेळ मिळतो. एकदम दाबले की ते एकमेकांत अडकतात. पाण्याचे अचूक माप सांगता येत नाही, कारण दमट दिवसांत पिठाने आधीच ओलावा घेतलेला असतो. शेवटचे पाव वाटी पाणी चमच्याचमच्याने घालावे आणि पातळ झालेच तर चमचाभर पीठ वाढवावे.

हे मिश्रण आवरण्याचा एकच नियम आहे: गरम पाणी अजिबात वापरू नये. गरम पाण्याने कच्चा स्टार्च तेथेच शिजतो आणि फरशीला, कपड्याला, नळीला खळीसारखा चिकटतो. उन्हाळ्यात ते वाळू द्यावे आणि हिरांच्या खराट्याने झाडावे. पावसाळ्यात आधी सुपलीने खरवडून घ्यावे आणि मग थंड पाण्याच्या फडक्याने पुसावे. मुलाचे हातपाय बादलीत धुऊन ती बादली तास-दोन तास न हलवता ठेवली तर स्टार्च तळाशी बसतो; वरचे पाणी ओतून द्यावे आणि साका ओल्या कचऱ्यात टाकावा. हा साका मोरीत गेला तर नळीच्या वाकणात थर धरून बसतो.

जवस आणि जास्वंद

ज्या घरात आधीचे दोन खेळ अंगवळणी पडले आहेत त्यांनी जवसाकडे वळावे. अर्धा लिटर पाण्यात ४० ग्रॅम अख्खे जवस घालून मध्यम आचेवर सात ते दहा मिनिटे उकळावे आणि ढवळत राहावे. चमचा उचलल्यावर कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार ओघळू लागली की लगेच गाळावे. येथे उशीर परवडत नाही, कारण थंड झालेला चीक गाळणीतून उतरतच नाही आणि बिया त्यातच अडकून राहतात. मोठ्या भोकांची गाळणी किंवा सैल विणीचे फडके वापरावे, आणि फडके पिळायचे तर चिमट्याने पिळावे, कारण चीक हाताला भाजतो. गाळलेला चीक फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो, वास बदलला की टाकून द्यावा. तो फार दाट वाटला तर पाणी मिसळता येते, परंतु पातळ झाला तर पुन्हा आटवत बसण्यापेक्षा त्यात थोडा शिजवलेल्या कॉर्नफ्लोअरचा लगदा मिसळणे सोपे पडते.

जास्वंदीसाठी तर चुलीचीही गरज नाही. कुंपणावरच्या जास्वंदीची ओंजळभर कोवळी पाने खुडावीत. फवारणी केलेल्या किंवा पांढरा कापसासारखा कीटक लागलेल्या झाडाची पाने नकोत. ती दोन पाण्यांनी धुऊन, फाडून, लिटरभर पाण्यात अर्धा तास भिजवावीत आणि मग मुलालाच ती चोळू द्यावीत. केस धुण्यासाठी ही पाने चोळणाऱ्या आजीने घरात आधीच सारे शिकवलेले असेल तर मोठ्यांना सांगण्यासारखे फारसे उरत नाही. चोळता चोळता पाणी हिरवट आणि बुळबुळीत होत जाते, आणि मिश्रण करणे हाच खेळ होतो. ते साठवू नये.

सब्जा पाण्यात पंधरा-वीस मिनिटांत फुलतो आणि त्याचा स्पर्श मजेदार असतो, पण कोरडे बी किंवा मूठभर फुललेले दाणे तोंडात गेले तर गुदमरण्याची शक्यता असते, म्हणून तो तीन वर्षांवरील मुलांसाठीच ठेवावा. इसबगोलालाही हेच लागू आहे. केकचे साहित्य विकणाऱ्या दुकानांत मिळणारा झँथन गम, म्हणजे पाणी दाट करणारी भुकटी, मात्र उपयोगी आहे: लिटरभर पाण्याला पाच ग्रॅम पुरतो. तो पाण्यात टाकला की गुठळ्या होतात, त्यामुळे मिक्सर चालू ठेवून वरून चिमटीचिमटीने भुरभुरावा, आणि ही भुकटी मुलाच्या नाकात जाणार नाही अशा अंतरावर हे काम करावे.

चीक आवरताना पाण्याची घाई नडते. सांडलेल्या चिकावर बादली ओतली की तो पातळ होऊन सगळ्या खोलीभर पसरतो आणि आधी जी हातभर जागा घसरडी होती ती संपूर्ण फरशी होते. आधी करवंटीने किंवा सुपलीने जमेल तेवढा उचलावा, मग कोरडे वर्तमानपत्र पसरून उरलेला शोषू द्यावा, त्यानंतर कोरडे फडके फिरवावे आणि सर्वांत शेवटी साबणाच्या पाण्याने ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावे. अनवाणी पायाने फिरून पाहिल्याशिवाय जागा मोकळी करू नये.

फेस आणि जेली

तोंडात काही घालण्याची सवय सुटलेल्या मुलांसाठी डोळ्यांना न झोंबणाऱ्या शाम्पूचा फेस करावा. दोन मोठे चमचे शाम्पूला चार चमचे पाणी या प्रमाणात हाताच्या मिक्सरने दोन मिनिटे घुसळले की टोपभर घट्ट फेस होतो. आवरताना वायपरने मोरीकडे लोटून दोन-तीन पाण्यांनी धुवावे. हे पाणी झाडांना घालू नये.

थंडगार, घसरते तुकडे हवे असतील तर चायना ग्रास म्हणजे अगर घ्यावे. लिटरभर पाण्याला आठ ते दहा ग्रॅम भुकटी घालून दोन मिनिटे उकळावी आणि ताटात ओतावी. अगरची जेली साधारण ३५ ते ४० अंशांना घट्ट होते आणि वितळायला मात्र ८५ अंशांच्या आसपास उष्णता लागते, त्यामुळे मे महिन्याच्या उकाड्यातही ती टिकते. जिलेटिनची जेली त्या हवेत परातीतच विरघळू लागते. अगरचे तुकडे न करता ती किसून किंवा चुरून द्यावी, आणि अगदी लहान मुलांना मुळीच देऊ नये, कारण घसरता घट्ट घास घशात अडकतो.

रंग

मिश्रण निवल्यावरच रंग घालावा. गोकर्णाच्या निळ्या फुलांचा अर्क सर्वांत उपयोगी, कारण त्यात लिंबू पिळले की तो जांभळा होतो आणि मोठ्या मुलांना तेवढ्यावर अर्धा तास रमवता येते. बीट चांगले, पालकाचा रस चालतो. ताज्या भिरंडांच्या (कोकमाच्या फळांच्या) सालीचा लाल रंग देखणा असला तरी त्याचे आम्ल ओरखड्यांना झोंबते, आणि गरम लगद्यात आम्ल घातले तर स्टार्च पातळ होतो. हळदीचा डाग साबणाने लाल होतो. त्याला घाबरण्याचे कारण नाही, कपडा धुऊन कडक उन्हात टाकला की तो फिका पडत जातो, पण मग हळदीचा खेळही उन्हाळ्यातच ठेवावा हे ओघाने आले. रांगोळीचे रंग, होळीचे रंग आणि कपड्यांची नीळ यांतले काहीही घालू नये.

काय टाळावे

बाजारी स्लाइमच्या कृतींमध्ये गोंदाबरोबर बोरॅक्स सांगितलेले असते. बोरॉनची ही संयुगे पोटात गेल्यास विषारी ठरतात, आणि कॅरमवर टाकण्याची बोरिक पावडर घरात पडून आहे म्हणून ती वापरण्याचा मोह होतो, तो आवरावा. पाण्यात फुगणारे रंगीत जेलीमणी गिळले गेले तर आतड्यात फुगून अडथळा निर्माण करतात, त्यांना घरात आणूच नये. कच्च्या मैद्यात आजार पसरवणारे जिवाणू असू शकतात, म्हणून चाटणाऱ्या मुलासाठी तो नको. वर्षाखालील मुलांच्या मिश्रणात मध घालू नये. तेल घातल्याने बुळबुळीतपणा वाढतो खरा, पण ते फरशीवरून पाण्याने निघत नाही आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी मोठे माणूस पडते.

चिखलाबद्दलही सांगावे लागते, कारण आपल्याकडे त्याला मान आहे. गोव्यातील माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोर आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळण्याचा उत्सव, रंगतो आणि तो पाहून आलेल्या मुलाला घरीही चिखल हवाच असतो. उंदीर-गुरांचा वावर असलेली मळ्यातील, गटारालगतची माती पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस या जंतुजन्य तापाचा धोका घेऊन येते आणि जखमेतून त्याचा जंतू शरीरात शिरतो. घरच्या चिखलासाठी कुंडीतील कोरडी माती चाळून, उन्हात तापवून घ्यावी आणि तीत नळाचे पाणी घालावे. तीत वाटीभर शिजवलेला लगदा मिसळला की अपेक्षित घसरडेपणा येतो.

हात घालायला न धजणारे मूल

काही मुलांना ओला, चिकट स्पर्श सहन होत नाही आणि परात पाहताच ती मागे सरकतात. अशा मुलाचा हात धरून बुडवू नये. मिश्रण जाड झिपच्या पिशवीत भरून, तोंडावर चिकटपट्टी लावून बाहेरून दाबायला द्यावे. पुढच्या वेळी चमचा किंवा करवंटी द्यावी. त्यानंतर एक बोट. कोरडा पंचा त्याच्या मांडीवर ठेवावा, म्हणजे हवे तेव्हा हात पुसता येतात ही खात्री त्याला असते. त्वचेवर इसब असलेल्या मुलासाठी कोणतेही मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी.

उरलेले कोठे टाकावे

स्टार्च, जवस, जास्वंद आणि अगर यांची मिश्रणे माडाच्या आळ्यात किंवा खतखड्यात टाकता येतात, मात्र वर पातेरा (वाळलेला पालापाचोळा) पसरावा, नाही तर मुंग्या आणि उंदीर येतात. फ्लॅटमध्ये ती वर्तमानपत्रात गुंडाळून ओल्या कचऱ्यात द्यावीत. शिजवलेला लगदा शौचालयात ओतणे सर्वांत वाईट, कारण नळीत तो थंड पाण्याने आणखी घट्ट होतो.

मूल आवरण्याचा क्रमही ठरलेला असावा. खेळाच्या जागीच कपडे उतरवावेत, हातपाय कोरड्या पंच्याने पुसावेत, मगच कडेवर घेऊन न्हाणीघरात जावे. कपडे लगेच धुण्याच्या यंत्रात टाकू नयेत: कच्च्या स्टार्चचे कपडे वाळवून झटकावेत, शिजवलेल्या लगद्याचे कपडे थंड पाण्यात भिजवून हाताने खळ सोडवावी, आणि त्या पाण्याची बादली परसात रिकामी करून मगच ते यंत्रात घालावेत. मोरीवरचे फडके उचलताना ते चार कोपरे एकत्र धरून उचलावे, म्हणजे त्यात अडकलेले पुन्हा मोरीत पडत नाही.